कामगार मध्येच काम सोडून गेला, तर मालकाला पगार अडवता येतो का?

दुकानातल्या पोराचा १८ तारखेला फोन येतो, "शेठ, उद्यापासून मी कामाला येत नाही." सीझन तोंडावर आणि त्याच्याकडे उचल बाकी. शेठचा पारा चढतो, "आधी उचल फेड, मग पगाराचं बघू!"

कृषी सेवा केंद्र असो, किराणा दुकान, हॉटेल नाहीतर डाळ मिल, हा वाद आपल्याकडे नवा नाही. पण असा पगार अडवला तर पुढे मालकच अडचणीत येतो. कसा, ते समजून घेऊ.

दोन दिवसांत हिशोब

वेतन संहिता, २०१९ हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा. कामगाराने काम सोडलं किंवा तुम्ही त्याला काढलं, तर राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा. भांडून गेला, न सांगता गेला, तरी त्याने केलेल्या दिवसांचे पैसे बुडवता येत नाहीत.

मग उचलीचं काय?

उचल कापून घेता येते. पण सगळी कपात मिळून त्या वेळच्या पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये.

समजा पगार १५,००० रुपये आणि भरले १८ दिवस. महिना ३० दिवसांचा धरला तर ९,००० रुपये होतात. उचल बाकी ६,००० असली तरी यातून जास्तीत जास्त ४,५०० कापता येतील. उरलेले ४,५०० रुपये त्याच्या हातात द्यायचे. राहिलेली १,५०० ची उचल नंतर वेगळी मागायची, त्यासाठी पगार अडवायचा नाही.

उचल फिटेपर्यंत माणसाला बळजबरीने कामावर ठेवणं तर फारच महागात पडेल. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे, तो गुन्हा आहे.

नुकसान झालं तर?

"पंप त्यानेच मोडला, पैसे कापले," असं परस्पर करता येत नाही. ती वस्तू त्याच्या ताब्यात दिलेली असावी, नुकसान त्याच्याच हलगर्जीपणाने झालेलं असावं आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेतलेलं असावं. खाडा मात्र कापता येतो, पण जेवढे दिवस खाडा तेवढाच.

खरी मेख इथे आहे

कामगाराने "पगार मिळाला नाही" अशी तक्रार केली, तर पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. अशी तक्रार तीन वर्षांपर्यंत करता येते. तुम्ही रोख दिले, सही घेतली नाही, उचल तोंडी दिली, मग दाखवणार काय? अशा वेळी खरं बोलणारा मालकही कागदावाचून हरतो.

म्हणून आजपासून एवढं करा:

• हजेरी रोज लिहा. महिन्याच्या शेवटी कामगाराची सही घ्या.
• पगार शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या. रोख दिला तर सही घ्या.
• पगाराची पावती द्या. त्यात कपात वेगळी दाखवा.
• उचल दिली की तारीख, रक्कम आणि दरमहा किती कापायचे ते लिहून दोघांनी सह्या करा.
• कामाला ठेवतानाच काम, पगार, सुट्टी आणि सोडायच्या आधी किती दिवस सांगायचं, हे एका कागदावर लिहा.

सालगडी ठेवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी

गुढीपाडव्याला सालगडी ठरतो, व्यवहार बहुतेक तोंडीच. शेतीत पाच किंवा त्याहून कमी माणसं असतील तर रजिस्टर आणि पगाराच्या पावतीतून कायद्याने सूट दिली आहे. पण अधिकाऱ्याने विचारलं तर पैसे दिल्याचा पुरावा दाखवावा लागतो. त्यामुळे साधी वही आणि सही इथेही हवीच.

वाद झालाच तर चौकात आवाज चढवण्यापेक्षा हिशोबाचा कागद घेऊन सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. नीट हिशोब करून गेलेला माणूस पुढच्या सीझनला परतही येतो. आणि चांगला माणूस मिळणं आज किती अवघड झालंय, हे मालक मंडळींना वेगळं सांगायला नको.