गिधाडांचे घर आणि सातबाराचा उतारा

तारापूरच्या माणसाला नाटक पाहावयाचे झाले, तर नुसत्या तिकिटाच्या पैशांवर भागत नाही. गावातून आधी बोईसर गाठावे, तेथून गाडी धरावी, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह किंवा त्याच्याही पुढचे दादरचे शिवाजी मंदिर जवळ करावे आणि पडदा उघडण्यापूर्वीच परतीच्या गाडीचा हिशेब मनाशी मांडून ठेवावा, एवढी यातायात ज्याला करावी लागते तो प्रेक्षक बहुधा विनोदी नाटकच निवडतो; त्याबद्दल त्याला दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. २०१३ साली विरारच्या पलीकडे डहाणूपर्यंत लोकल धावू लागली आणि हा प्रवास काहीसा सुसह्य झाला, इतकेच. तरीसुद्धा एखादी हौशी वा प्रायोगिक संस्था विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ करीत आहे असे कळले, की रविवार मोडून निघणारे निघतातच. दोन-अडीच तास अंधारात बसून एका कुटुंबातील माणसे परस्परांचे लचके तोडताना पाहावीत आणि वर त्यासाठी पदरचे पैसे मोजावेत, या व्यवहारात मनुष्याला मिळते तरी काय?

आपल्या शास्त्रकारांना या प्रश्नाची जाणीव होती. भरताने भयानक आणि बीभत्स यांना रसांच्या पंक्तीत बसविले. परंतु युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, निवेदनाने सुचवाव्यात, असा दंडकही नाट्यशास्त्राने घालून दिला. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो, तो अपवाद म्हणूनच संस्मरणीय ठरला. इंग्रज सरकारची भीती मात्र निराळ्या जातीची होती. १८७६ च्या कायद्याने राजद्रोही, अब्रू घालविणारे किंवा अश्लील वाटणारे प्रयोग बंद करण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला, आणि १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदीचा हुकूम निघाला. विराटाच्या दरबारातील कीचकाच्या अंगरख्याखाली लॉर्ड कर्झन उभा आहे, हे प्रेक्षकांप्रमाणेच अमलदारांनीही ओळखले होते. त्या काळच्या अमलदारांना नाटक वाचता येत होते, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

‘गिधाडे’ तेंडुलकरांनी १९६१ च्या सुमारास लिहिले आणि ते रंगमंचावर आले १९७० मध्ये, डॉ. श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली. सख्ख्या भावाला नागवून श्रीमंत झालेला हरी पितळे. रमाकांत आणि उमाकांत हे त्याचे दोन मुलगे. माणिक ही अविवाहित मुलगी. रमाकांताची निपुत्रिक पत्नी रमा. आणि घराच्या गॅरेजमध्ये राहणारा, बापाचाच परंतु अनौरस असा मुलगा, कवी रजनीनाथ, एवढीच ही माणसे. बापाने दडवून ठेवलेल्या पैशाचा ठाव लागावा म्हणून पोटची मुले त्याला रक्तबंबाळ करतात, आणि या उद्योगात माणिकही भावांच्या बरोबरीने सामील असते. पुढे तिच्या पोटातील मुलाच्या आधारे ज्या बड्या असामीकडून पैसा उकळावयाचा ती असामीच मरण पावते, आणि मग त्या मुलाचा काही उपयोग उरला नाही एवढ्याच कारणासाठी भाऊ तिच्या पोटावर लाथा घालतात. मधूनमधून गिधाडांचे चीत्कार ऐकू येतात, आणि घरात मायेचा ओलावा जो काही असेल तो रमा आणि रजनीनाथ यांच्यातच, म्हणजे समाजाने निषिद्ध ठरविलेल्या जागी, सापडतो.

तिसरी घंटा होऊन दिवे मंदावतात तेव्हा प्रेक्षागृहात भीतीचा लवलेशही नसतो. उलट पहिल्या अंकात लोक हसतात, आणि चांगले मोकळेपणाने हसतात. कारण त्या भावांच्या शिव्या, त्यांचे एकमेकांना टोमणे मारणे, बाप अजून मरत कसा नाही याविषयी त्यांनी उघडपणे व्यक्त केलेला वैताग, हे सारे इतके अस्सल बोलीत येते की ऐकणाऱ्याला आपल्या ओळखीचे कोणीतरी आठवते. हे हसणे पुढे विरळ होत जाते. आधी मागच्या रांगा गप्प होतात, मग पुढच्या. आणि आपण कशाला हसलो होतो हे ज्याचे त्याला उमगू लागते तेथे नाटककाराचे खरे काम सुरू होते. मध्यंतरात बटाटेवडे खाताना मंडळी नाटकाखेरीज इतर सर्व विषयांवर, विशेषतः गाडीच्या वेळेवर, बोलतात. ते मौनही मला प्रयोगाचाच भाग वाटत आले आहे.

आता मंडळाने काय पाहिले ते पाहा. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून परवाना घ्यावा लागतो. माणिकच्या पातळावर दिसणाऱ्या रक्ताच्या लाल डागाला या मंडळाने हरकत घेतली. त्यावर सत्यदेव दुबे यांनी तोड सुचविली असे सांगतात: डाग निळा करावा, आणि तो लाल समजावा अशी विनंती प्रेक्षकांना आरंभीच करावी! अर्थात जो डाग एरवी क्षणभर दिसून गेला असता, त्याची वाट प्रेक्षक आरंभापासूनच पाहत बसले. पुढे १९७२ मध्ये कमलाकर सारंग यांनी तेंडुलकरांचेच ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर आणले, निळू फुले आणि लालन सारंग यांच्या भूमिकांनी ते गाजू लागले, आणि १३ प्रयोगांनंतर ३२ काटछाटींची मागणी पुढे आल्यामुळे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तेथे निकाल नाटकाच्या बाजूने लागला. मंडळाची लेखणी शब्दांवरून फिरली, डागावरून फिरली, आणि नाटकातील भयाचे मूळ ज्या घरात होते, त्या चार भिंतींच्या आत मात्र तिचा प्रवेशच झाला नाही. कीचकाला ओळखणाऱ्या गोऱ्या साहेबापेक्षा ही नजर अधू होती, असे म्हणणे मला भाग आहे.

त्या घरात आधी शिरतो तो तारापूरचा प्रेक्षक. या किनाऱ्यावर भात, वाड्या आणि मासळी यांवर पिढ्या गेल्या, तोवर भाऊबंदकीलाही एक मर्यादा होती. वाटून घ्यावयाचेच मुळी बेताचे होते. १९६९ मध्ये अणुवीज केंद्र चालू झाले, पुढे बोईसरच्या बाजूला औद्योगिक वसाहत उभी राहिली, केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे मूळ जागेवरून उठली व त्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. जमीन संपादनाची नोटीस घरात येते तेव्हा मोबदल्याबरोबरच वारसांची यादीही येते. मग सातबाराच्या उताऱ्यावर कोणाचे नाव आहे, फेरफार कोणी घातला, तलाठ्याच्या दप्तरात कोणाची सही आहे आणि कोणाची नाही, आजोबांनी केलेली तोंडी वाटणी धरावी की मोडावी, या प्रश्नांनी जेवणाची पाने अर्धवट राहतात. प्रत्येक घर पितळ्यांचे घर होते असे मुळीच नाही. बहुसंख्य कुटुंबे हे सारे समंजसपणे निभावून नेतात. परंतु म्हाताऱ्याच्या आजारपणात त्याच्या प्रकृतीची चौकशी करता करता बँकेच्या पासबुकाची चौकशी कशी सुरू होते, हे येथल्या मनुष्याला नाटककाराने शिकवावे लागत नाही. पारावर बसलेल्या गिधाडाला भूक लागते तेव्हा ते ओरडत नाही, थांबून राहते; ‘गिधाडे’चा प्रेक्षक त्या थांबण्याला ओळखतो.

नाटकात उणेही आहे. रजनीनाथाची काव्यमय निवेदने मला नेहमीच परकी वाटली. चोख व्यवहारी क्रौर्याच्या भाषेत मध्येच येणारे हे भावगर्भ अवतरण नाटकाचा ताण सैल करते, आणि चांगला नटदेखील तेथे गोंधळतो. चीत्कारांचा वापरही काही प्रयोगांत इतका सढळ होतो की प्रेक्षकाला स्वतः काही ओळखण्याची मुभाच उरत नाही.

माणिकचे तसे नाही. काळाबरोबर तिची भूमिका अधिक भरीव होत गेली आहे. तेंडुलकरांनी नाटक लिहिले तेव्हा १९५६ चा हिंदू वारसा कायदा जुना झाला नव्हता; बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीचा वाटा कागदावर आला होता, घरात मात्र तो कोणी मोजत नव्हते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. त्यामुळे १९७० च्या प्रेक्षकाला जी केवळ भावांच्या क्रौर्याची बळी आणि बापाच्या लुटीतील भागीदार वाटली असेल, तीच माणिक आजच्या तारापूरच्या प्रेक्षकाला आणखी एका नात्याने दिसते: ती हिस्सेदार आहे, आणि तिने हक्कसोडपत्रावर सही केलेली नाही. परतीच्या लोकलमध्ये नाटकाविषयी बोलणे निघते तेव्हा बाया हा मुद्दा पुरुषांच्या आधी काढतात.