अर्ध्या एकरावरचे मिगिंगो

व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्व भागात मिगिंगो नावाचा एक खडक आहे. क्षेत्रफळ सुमारे २,००० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम अर्धा एकर. त्यावर गंजलेल्या पत्र्यांची घरे इतकी दाटीने उभी आहेत की दुरून मूळ दगड दिसतच नाही. केनियाच्या २००९ च्या जनगणनेत इथे १३१ माणसे नोंदली गेली. बातमीदारांचे अंदाज पाचशेच्याही पुढे जातात, कारण मासळीच्या मागे माणसे सतत येत-जात असतात. पण १३१ हाच आकडा धरला, तरी घनता दर चौरस किलोमीटरला ६५ हजारांवर जाते.

शेजारीच उसिंगो आणि पिरॅमिड ही याहून मोठी बेटे आहेत. वस्ती मात्र इथेच वाढली. खानावळी, दारूचे गुत्ते, न्हाव्याचे दुकान, औषधांची टपरी आणि रात्रीपुरत्या भाड्याच्या खोल्या, सगळे या खडकावरच. शेतीला माती नाही, त्यामुळे पीठ-मिठापासून प्रत्येक गोष्ट होडीनेच येते. सांडपाणी सरोवरात जाते आणि स्वयंपाकाचे पाणीही त्याच सरोवरातून भरले जाते.

एवढ्या अडचणीत माणसे राहतात ती म्बुटासाठी. नाईल पर्च या माशाला इथल्या लुओ समाजातले मच्छीमार म्बुटा म्हणतात. हा मासा मूळचा या सरोवरातला नव्हे. १९५० च्या दशकात तो इथे सोडण्यात आला. १९८० च्या दशकात त्याची संख्या अफाट वाढली आणि सरोवरातल्या छोट्या देशी माशांच्या शेकडो जाती संपल्या किंवा संपत आल्या. पुढे जलपर्णीने केनियाकडचा किनारा व्यापला, जवळची मासळी रोडावली आणि होड्या खोल पाण्याकडे वळल्या. खोल पाण्याला लागून असलेल्या या खडकाला तेव्हा भाव आला. आपण १९९१ मध्ये इथे पहिल्यांदा राहायला आलो, असे दोन केनियन मच्छीमार सांगतात. युगांडाचा एक मच्छीमार २००४ चा दाखला देतो.

पकडलेला म्बुटा बेटावर तोलला जातो आणि बर्फात घालून किनाऱ्यावर पाठवला जातो. तिथून तो कारखान्यात जातो. काटे काढलेले मांस युरोपला निघते, तर पोटातला बोत, म्हणजे हवेची पिशवी, चीनच्या बाजारात जातो. घोळ माशाच्या बोताला मिळणारा भाव ज्यांना ठाऊक आहे, त्या आपल्या कोळी बांधवांना हा व्यवहार समजावून सांगायला नको. मागे उरतात डोकी आणि सांगाडे. केनियातल्या किसुमू शहराच्या ओबुंगा वस्तीत बायका ते तळून विकतात, आणि ज्यांच्या सरोवरातला हा मासा, त्या गरिबांच्या ताटात बहुतेक वेळा हाच भाग पडतो. मिगिंगोची खरी गोष्ट इथे आहे, असे वाटते. बातम्या मात्र झेंड्याच्या होतात.

झेंडा २००४ मध्ये आला. युगांडाच्या पोलिसांनी बेटावर तंबू ठोकला, निशाण लावले आणि मच्छीमारांकडून कर घ्यायला सुरुवात केली. २००९ पर्यंत प्रकरण दोन्ही देशांच्या राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेले. ब्रिटिशांनी १९२६ मध्ये आखलेली सरहद्द पिरॅमिड बेटाच्या पश्चिम टोकावरून जाते. त्या रेषेच्या आधारे मोजणी झाली, तेव्हा मिगिंगो केनियाच्या हद्दीत सुमारे ५०० मीटर आत निघाले. युगांडाचे अध्यक्ष मुसेवेनी यांनी बेट केनियाचे असल्याचे मान्य केले. भोवतालचे पाणी मात्र युगांडाचे, असे ठासून सांगितले.

मच्छीमाराचे पोट पाण्यावर, त्यामुळे हा निवाडा त्याच्या फारसा कामाचा नाही. सरोवराचा सुमारे ६ टक्केच भाग केनियाकडे आहे, युगांडाकडे सुमारे ४३ आणि उरलेला टांझानियाकडे. बेटावरून निघालेली केनियन होडी थोड्याच वेळात परक्या पाण्यात जाते. तिथे पकडले गेले की जाळी, इंजिन आणि मासळी जप्त होण्याची धास्ती असते. २०१७ मध्ये युगांडाने बेकायदा मासेमारी रोखायला सरोवरांवर सैन्यच उतरवले. म्बुटा वाचवायचा तर लहान आणि फार मोठे मासे सोडून द्यायला हवेत, आणि हा नियम तिन्ही देशांच्या पाण्यात सारखाच पाळला गेला पाहिजे. मासा रेषेच्या दोन्ही बाजूंना फिरतो. होडीलाही दोन्हीकडे चालेल असा एकच परवाना मिळाला, तर मिगिंगोवरच्या माणसाला तो झेंड्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल.