परागाची साक्ष

मनुष्य मेला म्हणजे त्याच्या अखेरच्या दिवसांची हकीकत त्याच्याबरोबरच लयास जाते, अशी आपली सामान्य समजूत असते. परंतु पोटांतील कोंडा आणि फुलांतील पराग हेहि प्रसंगीं साक्षीदार होऊन उभे राहतात. त्याचें एक उदाहरण आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

सन १९९१ च्या सप्टेंबरांत आल्प्स पर्वतावर, ऑस्ट्रिया व इटली यांच्या सरहद्दीनजीक ३२१० मीटर उंचीवर, वितळत्या बर्फांतून एका पुरुषाचें प्रेत वर आलें. तो सुमारें ५३०० वर्षांपूर्वींचा ठरला. जवळच स्लो नांवाचें आंबट रानफळ सांपडलें. हें फळ शरदांत पिकतें. तेव्हां मृत्यूहि शरदांतलाच, असें प्रथम अनुमान निघालें.

पुढें इन्सब्रुक येथील वनस्पतिशास्त्रज्ञ क्लाउस एग्ल यांनीं प्रेताच्या आंतड्यांतील अन्न सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलें. आइनकॉर्न नामक जुन्या गव्हाच्या कोंड्यांत त्यांस हॉप-हॉर्नबीम वृक्षाचे पराग मिळाले. हा वृक्ष खालच्या उबदार दऱ्यांत वाढतो व वसंतांत फुलतो. परागांतील जीवद्रव्यहि शाबूत होतें. अर्थात् ते ताजेच पोटांत गेले होते. डोळ्यांस न दिसणाऱ्या कणांनीं शरदाचें अनुमान मोडून काढलें. फळ वाळवून बरोबर घेतलेलें असावें.

आंतड्याच्या निरनिराळ्या भागांतील पराग क्रमवार लाविले, तेव्हां त्याची वाटचालहि उलगडली. आधीं उंचावरील सूचिपर्णी अरण्याचे पराग, मग दरींतले, मग पुनः उंचावरचे! शेवटल्या एक-दोन दिवसांत हा गृहस्थ दरींत उतरला आणि पुनः वर चढला. तो जिवाच्या भयानें निघाला असावा, असा कित्येकांचा तर्क आहे. कारण २००१ सालीं क्ष-किरणांनीं त्याच्या डाव्या खांद्यांत रुतलेलें गारगोटीचें बाणाग्र उघड केलें.

त्याच्याजवळ भूर्जसालीचें एक पात्र होतें. त्यांत मेपलचीं हिरवीं खुडलेलीं पानें व कोळशाचे तुकडे निघाले. पानांत गुंडाळून तो निखारा बरोबर नेत असे. काड्यापेटी येण्यापूर्वीं राखेखालीं विस्तव जपणाऱ्या गृहिणींस ही काळजी सहज उमगेल.

घातक्याचें नांव पराग सांगत नाहींत. परंतु वनांत फुलें उमललीं असतांना, पोटभर जेवून, उद्यांच्या चुलीसाठीं विस्तव सांभाळीत एक मनुष्य डोंगर चढत होता, एवढें ते निश्चित सांगतात. इटलींतील बोल्झानो येथील संग्रहालयांत आज जें प्रेत ठेविलें आहे, त्यास या साक्षीनें पुनः माणूसपण दिलें आहे.