चिखल कुठला आणि किती दिवसांचा? रणगाड्याच्या छोट्या मॉडेलचं रंगकाम

(पाचोड इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

पाचोडात रणगाडा कुठून आला, असं कुणीतरी मघाशी म्हणालं. रणगाडा राहू द्या, आधी बाहेर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे बघू. नांगराचा फाळ बघा. चालू हंगामात तो चांदीसारखा चकाकतो, कारण माती त्याला रोज घासते. तोच फाळ आठ दिवस पावसात पडू द्या, तांबूस होतो. सायलेन्सर मात्र वापरात असूनही गंजलेलाच, कारण तिथला रंग उष्णतेनं कधीच जळून गेला. ट्रॉलीचा रंग उडतो तो जिथं क्रेट घासतात तिथं, सगळीकडे नाही. मॉडेलवर जुनेपणा आणायचा म्हणजे हेच. कुठं घासलं, कुठं तापलं, कुठं पाणी साचलं, आणि किती दिवस?

मी पहिला रणगाडा रंगवला तेव्हा हा प्रश्न मला पडलाच नव्हता. सगळ्या अंगावर नारिंगी गंज फासला आणि मोठ्या हौसेनं मामांना दाखवला. मामा मेकॅनिक. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "किती वर्षं पावसात उभा होता रे हा?" मॉडेल होतं १९७१ च्या लढाईतलं.

आता ती लढाई घ्या. पश्चिम आघाडीवर युद्ध सुरू झालं ३ डिसेंबरला. बसंतरची लढाई शकरगढ भागातली. तिथं १६ डिसेंबरला पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आपल्या सेंच्युरियन रणगाड्यात धारातीर्थी पडले. वय २१. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पूना हॉर्स म्हणजे १८१७ साली पुण्यात उभी राहिलेली रेजिमेंट, म्हणून आपल्याला जरा जास्तच जवळची. त्यांच्या रणगाड्याचं नाव 'फामागुस्ता'. तो आज अहिल्यानगरला आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियमही बघण्यासारखं आहे, पैठण-शेवगावमार्गे जाता येतं.

पण एक घोळ होतो. म्युझियममधले रणगाडे वरचेवर रंगवतात, त्यामुळे ते गुळगुळीत दिसतात. तसंच मॉडेल केलं तर ते म्युझियमचं मॉडेल झालं, बसंतरचं नाही. आणि उलट टोकाला गेलात, तर माझ्यासारखा भंगारातला रणगाडा होतो. तेरा-चौदा दिवसांत जाड पोलादी पत्रा कुजत नाही. खरचटे पडतात, धूळ बसते, ओला चिखल लागतो. बस.

आता काम. प्रमाण बहुतेक एकास पस्तीस. म्हणजे सेंच्युरियनचा सांगाडा जेमतेम वीतभर. मॉडेलवर ०.३ मिलिमीटरचा ठिपका दिलात, तर खऱ्या गाडीवर तो एक सेंटिमीटरचा खरचटा झाला. म्हणून ब्रशनं ठिपके देऊ नका. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा घ्या, गडद तपकिरी रंगात बुडवा, जवळजवळ सगळा रंग कागदावर टिपून टाका, मग झाकणांच्या कडांना आणि जिथं जवानांचे बूट पडतात तिथं अलगद टेकवा.

त्याआधी प्रायमर, मग अ‍ॅक्रिलिकचा ऑलिव्ह हिरवा. डब्यातला हिरवा तसाच देऊ नका. लहान वस्तूवर रंग गडद भासतो, म्हणून थोडा फिकट पिवळसर मिसळा. वाळल्यावर चकाकीचा व्हार्निश. लोक इथं कंटाळा करतात, आणि पुढं फसतात. खडबडीत पृष्ठभागावर पातळ रंग डागासारखा पसरतो. गुळगुळीत पृष्ठभागावर तो आपोआप बोल्टभोवती आणि सांध्यांत ओढला जातो, केशाकर्षणानं. हा पातळ रंग म्हणजे बर्न्ट अंबर तैलरंग, टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ केलेला. कॅम्लिनची ट्यूब चालते. खालचा अ‍ॅक्रिलिक आणि व्हार्निश पूर्ण, म्हणजे किमान एक दिवस, वाळलेले हवेत. वीसेक मिनिटांनी कापसानं पुसा, वरून खाली. पाऊस वरून खालीच वाहतो ना!

पट्ट्यांचं तत्त्व फाळाचंच. जिथं जमीन घासते तिथं पेन्सिलीचं शिसं चोळा, चकाकी येते. खाचांत चिखल राहू द्या.

मागून एका मुलानं विचारलं, "सर, आपल्या शेतातली माती लावली तर?" छान प्रश्न आहे. आपली माती काळी, बेसाल्टची. बसंतरच्या काठची गाळाची, फिकट तपकिरी. फामागुस्तावर पाचोडची काळी माती लावलीत, तर जाणकार लगेच ओळखेल. शिवाय खऱ्या मातीचा कण वस्त्रगाळ केला तरी या प्रमाणात खड्यासारखा दिसतो. त्यापेक्षा फिकट तपकिरी खडू पॉलिश पेपरवर घासा, भुकटी मॅट व्हार्निशमध्ये कालवा. दोन छटा करा. चाकांजवळ ओली गडद, वरच्या कडेला सुकलेली फिकट. बुरुजावर चिखल नको, तिथं फक्त धूळ.

अजून एक. सगळ्याच गाड्या पोलादाच्या नसतात. एम-११३ चं कवच अ‍ॅल्युमिनियमचं, त्याच्या अंगावर तांबूस गंज दाखवलात तर चूक. तिथं खरचटा करडा-पांढुरका हवा.

आणि तो माझा पहिला रणगाडा? टाकला नाही. मुलं विचारतात तेव्हा मी सांगतो, हा चाळीस वर्षं पावसात उभा होता.