सीडीची नक्कल अडते तेव्हा: न सापडणारा प्रोग्राम कसा बसवावा

लिनक्सवर गाण्यांच्या सीडीची नक्कल करण्यासाठी के थ्री बी उघडले, की कधी कधी एक चौकट समोर येते: सीडीआरडीएओ हा प्रोग्राम सापडत नाही. ड्राइव्ह ठीक असतो, डिस्कही ठीक असते. अशा वेळी के थ्री बी काढून पुन्हा बसवण्याचा मोह होतो. त्याने उपयोग होईलच असे नाही, कारण हरवलेली वस्तू दुसरीच आहे.

के थ्री बी हा मुकादम आहे. प्रत्यक्ष काम वेगवेगळे कारागीर करतात. सीडी लिहिण्याचे काम सीडीरेकॉर्ड किंवा वोडिम करतो, डीव्हीडीचे ग्रोआयसोएफएस, आणि गाण्यांची सीडी जशीच्या तशी उतरवायची तर सीडीआरडीएओ लागतो. हे सगळे स्वतंत्र प्रोग्राम आहेत. मुख्य पॅकेजसोबत सुचवलेली पॅकेजे घेतली नाहीत, तर त्यांतला एखादा मागे राहतो.

सीडीआरडीएओ नेमका कशासाठी हवा? गाण्यांच्या सीडीवर एका सेकंदासाठी ७५ खंड असतात आणि प्रत्येक खंडात २,३५२ बाइट. एकेक ट्रॅक लिहून लेझर थांबवण्याच्या पद्धतीत दोन ट्रॅकमध्ये साधारणपणे २ सेकंदांची शांतता पडते. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विलंबित ख्याल आणि द्रुत बंदिश सलग असतील, तर ही शांतता खटकते. सीडीआरडीएओ लेझर मध्ये न थांबवता संपूर्ण डिस्क एका दमात लिहितो, आणि मूळ सीडीवर ट्रॅकमध्ये जेवढे अंतर असेल तेवढेच ठेवतो.

आता दुरुस्ती. टर्मिनल उघडून ‘विच सीडीआरडीएओ’ ही आज्ञा द्या (टाइप करताना रोमन लिपीतली लहान अक्षरे वापरावीत). उत्तरात प्रोग्रामचा पत्ता आला, तर तो संगणकात आहे. काहीच आले नाही, तर बसवायला हवा. डेबियन, उबुंटू किंवा मिंटवर ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल सीडीआरडीएओ’. फेडोरावर ॲप्टच्या जागी डीएनएफ येते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रोग्रामचे आणि पॅकेजचे नाव दर वेळी एकच असते असे नाही. ग्रोआयसोएफएस मुळात डीव्हीडी-प्लस-आरडब्ल्यू-टूल्स या संचातला आहे. सीडीरेकॉर्डची गोष्ट आणखी वेगळी. २००६ मध्ये त्याच्या परवान्यावरून वाद झाला, डेबियनने सीडीरेकॉर्ड ज्या संचात होता त्याची सीडीआरकिट ही वेगळी शाखा काढली आणि तिथे सीडीरेकॉर्डच्या जागी वोडिम आला. म्हणून जुन्या माहितीत सीडीरेकॉर्ड बसवा असे असले, तरी डेबियनवर वोडिम शोधावा.

प्रोग्राम बसला, की के थ्री बी बंद करून पुन्हा उघडा. तरीही सूचना येत असेल, तर सेटिंग्जमधला प्रोग्राम्स हा भाग पाहा. तिथे सापडलेल्या साधनांची यादी असते. तुमचा प्रोग्राम नेहमीपेक्षा वेगळ्या फोल्डरमध्ये असेल, तर शोधाच्या मार्गांत तो फोल्डर जोडा आणि पुन्हा शोध घ्या.

शेवटची अडचण परवानगीची. प्रोग्राम सापडतो, पण ड्राइव्ह उघडत नाही. डेबियन आणि उबुंटूवर ड्राइव्ह सीडीरॉम या गटाकडे असतो. आपले नाव त्या गटात घातले, की एकदा लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करणे आवश्यक आहे. त्याशिवाय बदल लागू होत नाही.

नक्कल करायला दोन ड्राइव्ह लागत नाहीत. सीडी आधी हार्ड डिस्कवर उतरते आणि मग कोऱ्या डिस्कवर लिहिली जाते. त्यासाठी एक जीबी मोकळी जागा ठेवावी.

तेव्हा अशी चौकट आली, की ती घाईने बंद करू नका. तिच्यात प्रोग्रामचे नाव दिलेले असते. ते लिहून घ्या आणि तेवढाच प्रोग्राम बसवा.