घराचा व्यवहार आणि सॉलिसिटरची दिरंगाई

'घर पाहावें बांधून' अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. परंतु मुंबईसारख्या शहरांत घर बांधण्याचा योग फारच थोड्यांच्या नशिबीं असतो; बाकीच्यांना आपलें घर विकून दुसऱ्याचें विकत घ्यावें लागतें. या खरेदीविक्रींत किंमत ठरविणें हेंच अवघड काम, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षांत किंमत दोन-तीन बैठकींत ठरते आणि खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. कागदपत्र सॉलिसिटरच्या कचेरींत जातात, आणि मग 'पाहतों', 'काम चालूं आहे', 'पुढच्या आठवड्यांत चौकशी करा' अशीं उत्तरें ऐकतां ऐकतां महिने उलटतात. आयुष्याची पुंजी अडकून पडलेली असते. परंतु दाद कोणाकडे मागावी हें कळत नाहीं. या विलंबांतील अपरिहार्य भाग किती, टाळतां येण्यासारखा किती, आणि सामान्य गृहस्थाच्या हातीं उपाय कोणते, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम सॉलिसिटर म्हणजे कोण, हें पाहूं. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर दीर्घकाळ दुहेरी पद्धति होती. सॉलिसिटरनें पक्षकाराला भेटून कागद तयार करावयाचे आणि न्यायमूर्तींपुढें बाजू दुसऱ्यानें मांडावयाची, अशी ती वांटणी. ॲडव्होकेट्स ॲक्टमध्यें १९७६ सालीं झालेल्या दुरुस्तीनें हा कायदेशीर भेद संपला. आज कायद्याच्या दृष्टीनें सॉलिसिटरहि ॲडव्होकेटच असतो. तथापि बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा देऊन सॉलिसिटर म्हणवून घेण्याची परंपरा मुंबईंत टिकून आहे, आणि मिळकतीचे व्यवहार हें या मंडळींचें एक मुख्य क्षेत्र आहे. इतर शहरांत हेंच काम वकील करतात. म्हणून पुढें जें सांगावयाचें आहे, तें दोघांनाहि सारखेंच लागू समजावें.

आतां अपरिहार्य विलंबाकडे वळूं. विकणारा खरोखरच मालक आहे कीं नाहीं, आणि त्या घरावर कोणाचा बोजा आहे काय, हें शोधणें हें सॉलिसिटरचें पहिलें कर्तव्य. हा शोध साधारणपणें मागील तीस वर्षांचा घेतात. गहाण ठेवलेली मिळकत सोडवून घेण्यासाठीं दावा करण्याची मुदत पूर्वीं साठ वर्षें होती. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानें ती तीस वर्षें केली. तीस वर्षें ही मर्यादा वकीलवर्गाला सोयीची वाटते, त्याला असें कारण आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील सूची क्रमांक २, शहर-मोजणीची मिळकत पत्रिका, पूर्वींचे सर्व करार, हें सारें पाहावें लागतें. जुनीं हस्तलिखित पुस्तकें जीर्ण झालेलीं असतात. 'अमुक वर्षाचीं पानें फाटलेलीं' असा शेरा शोध-अहवालांत नेहमीं आढळतो. त्यानंतर वर्तमानपत्रांत जाहीर सूचना देऊन हरकतींसाठीं बहुधा चौदा दिवस थांबण्याचा प्रघात आहे. यांतील कोणतीहि पायरी गाळून मिळविलेली घाई शेवटीं महागच पडते.

दुसऱ्या प्रकारचा विलंब सॉलिसिटरच्या कचेरीबाहेर होतो. सहकारी सोसायटीच्या कमिटीची बैठक भरत नाहीं आणि ना-हरकत दाखला अडतो. मूळ मालक वारलेला असतो, आणि सोसायटींत ज्याचें नांव नामनिर्देशित आहे तोच मालक, या भ्रमांत कुटुंब असतें. वस्तुतः नामनिर्देशनानें इतर वारसांचा हक्क बुडत नाहीं, आणि मग परगांवच्या वारसांच्या सह्या गोळा करीत बसावें लागतें. घरावर कर्ज असेल तर मूळ दस्त बँकेजवळ असतात. याबाबतींत रिझर्व्ह बँकेचा २०२३ सालचा आदेश ध्यानांत ठेवावा. कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांच्या आंत बँकेनें मूळ कागद परत केले पाहिजेत. तिच्या दोषामुळें उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तिनें द्यावयाची आहे.

तिसरा प्रकार मात्र शुद्ध दिरंगाईचा. फाइल टेबलावर पडून राहते; काम पाहणारा कनिष्ठ वकील कचेरी सोडून जातो आणि त्याच्या जागीं आलेला पहिल्यापासून वाचूं लागतो; एका बाजूच्या सॉलिसिटरचे प्रश्न दुसऱ्याकडे जाऊन पंधरा दिवस उत्तर येत नाहीं. आपल्या वाट्याला आलेला विलंब कोणत्या प्रकारचा आहे, हें ओळखण्यासाठीं तीन प्रश्न पुरतात: सध्यां कोणत्या कागदाची वाट पाहिली जात आहे? तो कोणाकडून यावयाचा आहे? आणि तो मागितला कोणत्या तारखेस? या तिन्ही प्रश्नांचीं नेमकीं उत्तरें मिळालीं तर काम चालूं आहे असें समजावें. 'होईल, काळजी करूं नका' एवढेंच उत्तर आलें, तर काळजी करण्यास तेव्हांपासून प्रारंभ करावा.

ही काळजी निष्कारण नव्हे. समजा, दादरच्या एका गृहस्थानें आपली जागा विकून ठाण्यास मोठी जागा घेण्याचें ठरविलें. दादरचे पैसे आल्याखेरीज ठाण्याचे देतां येत नाहींत. दादरचा व्यवहार अडला, कीं ठाण्याची मुदत टळते, तेथें दिलेली बयाण्याची रक्कम धोक्यांत येते आणि बँकेनें मंजूर केलेल्या कर्जाची मुदतहि संपूं शकते. उलट दादरची विक्री होऊन ठाण्याचा व्यवहार रखडला, तर प्राप्तिकराचा प्रश्न उभा राहतो. घराच्या विक्रीवर झालेल्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावरील कराची सूट मिळण्यासाठीं नवें घर विक्रीपूर्वीं एक वर्षांत किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत विकत घ्यावें लागतें. बांधावयाचें असल्यास तीन वर्षांत. सॉलिसिटरच्या टेबलावर फाइल निजली तरी ही मुदत निजत नाहीं.

उपायांचा आरंभ गिऱ्हाईक मिळण्यापूर्वींच करावा. विकणारानें आपल्या घराचे सर्व करार क्रमानें, नोंदणीच्या पावत्या, भागपत्र, सोसायटीचा बाकी नसल्याचा दाखला, कराच्या पावत्या आणि इमारतीचा भोगवटा दाखला एकत्र करून ठेवावा. वारसाहक्काचा गुंता असल्यास तो आधीं सोडवावा. अनेकदां सॉलिसिटरच्या नांवानें बोटें मोडणारा पक्षकार स्वतःच एका कागदासाठीं महिनाभर त्याला तिष्ठत ठेवीत असतो, हेंहि विसरतां कामा नये. घेणारानें विकणाराचाच सॉलिसिटर पतकरूं नये; दोघांचें हित एक नसतें. काम देतांना प्रत्यक्ष फाइल कोण पाहणार, फी किती, आणि शोध-अहवाल किती आठवड्यांत मिळणार, हें लेखी ठरवून घ्यावें.

दुसरा उपाय करारांतील तारखांचा. घर-जमिनीच्या विक्रींत मुदत हें कराराचें सार आहे असें न्यायालयें सहसा गृहीत धरीत नाहींत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें १९९२ सालीं चांदराणी विरुद्ध कमलराणी या खटल्यांत हें तत्त्व सांगितलें, आणि त्याबरोबरच स्पष्ट शब्दांत लिहिल्यास मुदतीला तें महत्त्व देतां येतें, हेंहि सांगितलें. म्हणून 'लवकरांत लवकर' असले शब्द करारांत घालूं नयेत. कागद कोणत्या तारखेस द्यावयाचे, प्रश्नांचीं उत्तरें किती दिवसांत द्यावयाचीं, आणि मुदत चुकल्यास बयाण्याचें काय व्हावयाचें, हें आंकड्यांनीं लिहावें. सही झाल्यावर तर दिरंगाईस वावच नको. मुद्रांकशुल्क भरलेला दस्त सहीपासून चार महिन्यांच्या आंत नोंदणीस गेला पाहिजे. त्यानंतर आणखी चार महिन्यांपर्यंत तो दंड भरून नोंदवितां येतो, पण हा दंड नोंदणी-फीच्या दहापटीपर्यंत जाऊं शकतो. कराराची पूर्तता करून मागण्याचा दावाहि ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांतच दाखल करावा लागतो.

तिसरा उपाय पत्रव्यवहाराचा. रोज टेलिफोन करण्यानें कारकुनाशीं वैर मात्र होतें. त्यापेक्षां आठवड्यांतून एकदां, ठरलेल्या वारीं, चार ओळींचें पत्र किंवा ईमेल पाठवावें. त्यांत वर सांगितलेले तीन प्रश्न असावेत आणि उत्तराची तारीख असावी. भाषा सौम्य, पण मजकूर नेमका. अशा दोन पत्रांना उत्तर न आल्यास कचेरींतील वरिष्ठ भागीदारास समक्ष भेटावें. बहुतेक फाइली येथेंच हलतात.

एवढ्यानेंहि फाइल न हलल्यास वकील बदलण्याचा अधिकार पक्षकाराला आहे. 'आधीं फी, मग कागद' असें सांगून कोणी मूळ दस्त अडवूं लागल्यास घाबरूं नये. फी थकली या सबबीवर वकिलाला पक्षकाराचे कागद अडकवून ठेवतां येत नाहींत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें आर. डी. सक्सेना यांच्या खटल्यांत २००० सालीं दिला आहे. फीचा वाद त्यानें निराळा चालवावा. गैरवर्तनाची तक्रार १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखालीं महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करतां येते. मात्र नुसता मंदपणा म्हणजे गैरवर्तन नव्हे. पुरावा म्हणून आपलीं तारीखवार पत्रें येथें उपयोगी पडतात. ग्राहक न्यायालयाचा मार्ग मात्र आतां मोकळा नाहीं. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखालीं येत नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें मे २०२४ मध्यें दिला आहे.

शेवटीं एक इशारा दिला पाहिजे. दिरंगाईला कंटाळून माणूस ज्या चुका करतो, त्या दिरंगाईपेक्षां घातक असतात. 'शोध राहूं द्या, आधीं पैसे देऊन टाकूं', 'नोंदणी मागाहून करूं, आज किल्ली घ्या', असे सल्ले देणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. १८८२ च्या मिळकत हस्तांतरण कायद्याप्रमाणें केवळ विक्रीच्या करारानें घेणाराला त्या मिळकतींत हक्क प्राप्त होत नाहीं, हें अशा वेळीं आठवावें. दोन दिवसांत अहवाल देणारा सॉलिसिटर तत्पर असेलच असें नाहीं; कदाचित् त्यानें शोधच घेतला नसेल. काम सावकाश परंतु पुढें जात असेल, तर धीर धरावा. तें थांबलेलेंच असेल, तर भीड धरूं नये. या दोहोंतील फरक ओळखण्यास कायद्याची पदवी लागत नाहीं. एक वही, कांहीं तारखा आणि आठवड्याचें एक पत्र एवढ्या सामग्रीवर कोणत्याहि सुशिक्षित कुटुंबाला आपल्या घराच्या व्यवहारावर स्वतःची नजर ठेवतां येते.