.३१५ बोर: फक्त ०.३ मिलीमीटरचा फरक, पण तोच का चालला?

‘.३१५ बोरची रायफल’, ‘.३१५ चा गावठी कट्टा’ हे शब्द तुम्ही बातम्यांत नक्की ऐकले असणार. पण नेमकं .३१५च का? आज तेच बघू.

आधी बेसिक. बोर म्हणजे बंदुकीच्या नळीचा आतला व्यास. .३१५ इंच म्हणजे ८ मिलीमीटर. त्याचा शेजारी .३०३, म्हणजे साधारण ७.७ मिलीमीटर. फरक जेमतेम ०.३ मिलीमीटरचा, आणि सगळी गोष्ट तिथेच आहे.

.३०३ हे ब्रिटिश फौजेचं काडतूस. १८५७ नंतर इंग्रजांच्या मनात एक धास्ती कायम होती. लोकांकडे .३०३ ची रायफल असली, तर फौजेतून चोरलेली काडतुसं तिच्यात सरळ चालतील. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा बोर नागरिकांना बंद झाला. पण शिकारीला जाणारे साहेब, संस्थानिक, जमीनदार यांना रायफल तर हवीच होती. मग बीएसएसारख्या ब्रिटिश कंपनीने पळवाट काढली: रायफलची यंत्रणा फौजेच्या रायफलसारखीच, फक्त नळी वेगळी आणि काडतूस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं, ८ मिलीमीटर मॅनलिखर. आम्हा कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर फोन तोच, चार्जिंग पोर्ट मुद्दाम वेगळा.

इंग्रज गेले, पण ही विभागणी राहिली. .३०३ आजही ‘प्रोहिबिटेड बोर’मध्ये मोडतो, .३१५ नाही. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात .३१५ ची रायफल बनू लागली. काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीत, १८६९ पासूनच्या दारूगोळा कारखान्यात. परदेशी बंदुकांच्या आयातीवर कडक बंधनं, त्यामुळे लायसन्सवाल्याला रायफल आणि काडतूस दोन्ही सहज मिळणार ते यातच. म्हणजे .३१५ काही सगळ्यात भारी म्हणून चालला नाही. जिम कॉर्बेट यांची गाजलेली .२७५ रिग्बी याहून बारीक बोरची होती. .३१५ चालला कारण नियमाने तेवढंच दार उघडं ठेवलं.

आता गंमत बघा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच संपवली, तरी या ‘स्पोर्टिंग’ रायफलची मागणी संपली नाही. ती स्वसंरक्षणासाठी, सिक्युरिटीसाठी, आणि खरं सांगायचं तर रुबाबासाठीही घेतली जाते. ज्या काडतुसाचा पुरवठा जास्त, त्यालाच साजेसे बेकायदा कट्टेही बनू लागले. ‘मिर्झापूर’मुळे आपल्या पिढीला कट्टा ग्लॅमरस वाटतो, पण त्यात जाणारं काडतूस बऱ्याचदा कायदेशीर साखळीतूनच कुठेतरी गळालेलं असतं.

मला इथेच खरा मुद्दा दिसतो. फौजेची गोळी लोकांपासून लांब ठेवायला केलेल्या नियमातून लोकांची वेगळी गोळी तयार झाली, आणि गुन्हेगारीने तीच उचलली. बंदुकीवर नंबर असतो, ती शोधता येते. काडतूस मात्र एकदा उडालं की संपलं. म्हणून चर्चा फक्त बंदुकीच्या लायसन्सची नको. कोणी किती काडतुसं घेतली आणि ती कुठे गेली, हा हिशोब तितकाच काटेकोर हवा.

आणि एक कामाची गोष्ट: लायसन्स नसताना जवळ एक जिवंत काडतूस बाळगणं हाही गुन्हा आहे. गावाकडच्या जुन्या ट्रंकेत आजोबांच्या काळातलं काही सापडलं, तर रील बनवू नका. हात न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!